टेबलावरची कुर्डुवाडी आणि दुपारचा शॉर्ट

दोन तारा जोडा आणि गाड्या चालवा, एवढ्या एका वाक्यावर मॉडेल रेल्वेचं डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, विकलं जातं. ते वाक्य खोटं नाही, अपुरं आहे. रुळांवर कायम वीज, प्रत्येक इंजिनाच्या पोटात हुकूम वाचणारं एक छोटं सर्किट, म्हणजे डिकोडर, आणि हातातल्या कंट्रोलरवरून ज्याचा नंबर लावला तेच इंजिन हलतं. जुन्या डीसी पद्धतीत टेबलाखाली असायचं ते टॉगल स्विचांचं जंजाळ यात लागत नाही. पण ते जंजाळ एक उपकार नकळत करत असे. टेबलाचे तुकडे पाडलेले असत, त्यामुळे बिघाड त्याच्या तुकड्यातच राहायचा. दोन तारांच्या टेबलावर मात्र एका कोपऱ्यात शॉर्ट झाला की सगळ्या गाड्या एकदम थांबतात, आणि कोपरा कोणता याची खूण कुठेच उरत नाही. म्हणून डीसीसीची वायरिंग करताना गाडी चालेल का, यापेक्षा बिघडल्यावर कुठे बघायचं, हा प्रश्न आधी विचारावा.

सोलापूर भागातल्या माणसाने टेबलावर कोणतं स्टेशन मांडावं, याचं उत्तर माझ्या मते ठरलेलं आहे: कुर्डुवाडी. एकीकडे १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, पलीकडे बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरची ही लाइन १८९७ मध्ये बार्शीला पोचली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एक्सलवर भार फक्त पाच टन. आता तिथे सगळा ब्रॉडगेज आहे, त्यामुळे छोटी गाडी बघायची तर टेबलावरच. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात ७६२ चे पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि एन गेज या त्याहून छोट्या मॉडेलांसाठी मिळणारा ९ मिलिमीटरचा तयार रूळ तिथे जवळजवळ नेमका बसतो. ब्रॉडगेजचे हिशेबाने १९.३ व्हायला हवेत, पण मिळतो तो १६.५ चा रूळ. ती तडजोड बहुतेक जण निमूट करतात. विजेच्या बाजूने बघायचं तर खरी परीक्षा घेते ती छोटी लाइन. चार-सहा चाकांचं, वजनाला हलकं इंजिन रुळातून वीज उचलायला कमकुवत असतं. मोठं आठ चाकी डिझेल ज्या खराब जोडावरून सहज जातं, तिथे हे अडतं. टेबल तपासायला तेच पुढे सोडावं.

रुळांवर नेमकं काय चालतं हे एकदा कळलं की निम्मे गैरसमज जातात. सोलापुरात जकार्ड कुणाला समजावून सांगावं लागत नाही: कार्डातली भोकं ठरवतात की या फटक्याला कोणते उभे धागे उचलायचे, बाकीचे जागीच राहतात. डीसीसीचं पाकीटही तसंच. त्यात आधी निदान चौदा ‘एक’ येतात, मग इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, आणि शेवटी चूक तपासायचा एक बाइट. सगळी इंजिनं प्रत्येक पाकीट वाचतात, पत्ता ज्याचा तेच हलतं. ही भोकं म्हणजे रुळांमधल्या व्होल्टेजची उलटापालट. एका रुळावर +१४, दुसऱ्याच्या मानाने, क्षणात −१४. अर्धी फेरी ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर ‘एक’, १०० किंवा त्याहून जास्तीची असेल तर ‘शून्य’. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीची ही पद्धत अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात मानक म्हणून घेतली, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे डिकोडर आणि हुकूम पाठवणारे कमांड स्टेशन एकमेकांशी बोलतात. इथे वीज आणि हुकूम एकाच तारेतून जातात. तार ढिली असेल तर इंजिन नुसतं मंद होत नाही, हुकूम चुकतो; गचके देतं, दिवा लुकलुकतो, आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ही लक्षणं दिसली की लोक डिकोडरला दोष देतात. बहुतेक वेळा गुन्हेगार दोन रूळ जोडणारी पट्टी, म्हणजे फिशप्लेट, असते.

फिशप्लेटवर विजेसाठी विसंबायचंच नाही, हा पहिला नियम. ती रुळांना सरळ रेषेत धरते, तेवढंच तिचं काम. निकेल सिल्व्हरचा रूळ तांब्याच्या साधारण १५ ते २० पट रोध करतो, त्यात जोडातला गंज आणि रंगाचा थर. प्रत्येक मोकळ्या रुळाच्या तुकड्याला खालून स्वतःचा फीडर, म्हणजे वीज आणणारी छोटी तार, हवा. एक मीटरच्या फ्लेक्सी, म्हणजे वाकवता येणाऱ्या, रुळाला एक जोडी. फीडर ०.५ स्क्वेअर एमएमचा, लांबी वीतभर. झाळ रुळाच्या बाहेरच्या अंगाला, चाकाची कड लागणार नाही अशी. टेबलाखालून जाणारी मुख्य जोडी, म्हणजे बस, दीडच्या वायरची. दहा मीटरच्या पलीकडे जायचं असेल तर अडीचची.

आकडे बघा. ०.५ ची वायर मीटरला सुमारे ०.०३९ ओहम, दीडची ०.०१३. बूस्टर म्हणजे रुळांना वीज पुरवणारा डबा. त्याच्यापासून दहा मीटरवर जायचं म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर तार: ०.५ मध्ये पाऊण ओहमच्या वर, दीडमध्ये पाव ओहमच्या आसपास. तीन अँपिअरला पहिल्यात २.३ व्होल्ट वाटेतच जिरतात, दुसऱ्यात ०.८. गाडी थोडी हळू चालली तर काय बिघडलं, असं इथे कुणी म्हणेल. बिघडतं ते वेगळंच. पाच अँपिअरचा बूस्टर शॉर्ट ओळखतो तो करंट पाचाच्या वर गेल्यावर. १४ व्होल्टला पाच अँपिअर जायचे तर वाटेतला सगळा रोध २.८ ओहमच्या आत हवा. बारीक बस, तीन मीटर रूळ एकाच टोकाने पोसलेला आणि मध्ये चार गंजके जोड असले की तो साडेतीनवर जातो. मग रूळ घसरलेलं इंजिन शॉर्ट करून बसतं, चार अँपिअर वाहत राहतात आणि बूस्टर समजतो की गाड्या चालू आहेत. १४ गुणिले ४ म्हणजे ५६ वॉट. छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. त्या ५६ मधले अर्धे जरी एका चाकापाशी उतरले तरी बोगीची प्लास्टिकची बाजू वितळते, आणि हे सगळं कुठलाही दिवा किंवा बझर न वाजता.

म्हणून नाण्याची चाचणी. पाच रुपयांचं स्वच्छ नाणं घ्यायचं आणि दोन्ही रुळांवर आडवं टेकवायचं. बूस्टर लगेच तुटला, म्हणजे त्याने वीज आपोआप बंद केली, पाहिजे. नाणं उचललं की पुन्हा चालू. हे टेबलावर दर अर्ध्या मीटरला, प्रत्येक साइडिंगच्या शेवटच्या टोकाला, प्रत्येक सांध्याच्या, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात त्या पॉइंटच्या, तिन्ही पायांवर करायचं. जिथे बूस्टर तुटत नाही किंवा विचार करून तुटतो, तिथे फीडर कमी आहे. नाणं दाबून धरू नये. दोन सेकंदांत निकाल लागला नाही तर तो भाग नापास. गाड्या चालवायला सुरुवात करण्याआधीची ही चाचणी आहे, पण वर्षातून एकदा पुन्हा करावी, कारण झाळ निखळते आणि टर्मिनलचे स्क्रू ढिले होतात.

वायर घेताना एक दक्षता. स्वस्त स्पीकर वायर आणि काही लॅन केबल वरून तांबं आणि आतून ॲल्युमिनियम अशा असतात. रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि दोनदा वाकवली की तुटते. पात्याने खरवडून बघावं. आतून पांढरी निघाली तर ती परत करावी. नावाजलेल्या कंपनीची घरगुती दीडची मल्टिस्ट्रँड वायर, एक लाल कॉइल आणि एक काळी, यापेक्षा वेगळं काही लागत नाही. जोड पीळ मारून टेप गुंडाळलेला नसावा. सोलापूरच्या मे महिन्यात टेपचा गोंद पातळ होऊन घसरतो, पीळ सुटतो, आणि नंतर तो जोड अधूनमधून लागतो, अधूनमधून नाही. यापेक्षा वाईट बिघाड नाही. टर्मिनल पट्टी वापरावी, पण मल्टिस्ट्रँड तारेचं टोक आधी फेरूलमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत, दाबावं. टोकाला सोल्डर चढवून स्क्रूखाली घेऊ नये. सोल्डर मऊ असतं, दबावाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी स्क्रू आपोआप ढिला पडतो. झाळ रोझिन फ्लक्सच्या ६०/४० तारेनेच. पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स रुळाला लावलं की हिरवा गंज फीडर खाऊन टाकतो.

आता मोजमाप. घरी वायरमन वापरतो तो निऑनचा टेस्टर इथे बंद पेटीसारखा गप्प बसतो, १४ व्होल्टला तो पेटत नाही. साधा मल्टिमीटर एसी रेंजवर काहीतरी आकडा दाखवतो, पण तो ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनलेला असतो आणि डीसीसीची लहर पाच ते साडेआठ हजार हर्ट्झची, तीही चौकोनी. तुलना करायला तो आकडा चालतो: बूस्टरपाशी १२.९ आणि शेवटी १२.१ दाखवला तर फरक खरा, मूळ आकडा खोटा. खरा आकडा हवा असेल तर चार डायोडांचा ब्रिज, पुढे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि मीटर डीसी रेंजवर. जेवढं येईल त्यात सव्वा ते दीड व्होल्ट मिळवायचे. डायोड १एन४१४८ किंवा एफआर१०७ घ्यावेत. प्रत्येक दुकानात पटकन हातात येतो तो १एन४००७ या वेगाला सुस्त पडतो, वेळेवर बंद होत नाही. आणि भार दिल्याशिवाय मोजू नये. रिकाम्या तारेत करंटच नाही, तर पडझड कुठून दिसणार? स्पेअर पार्टच्या दुकानात मोटरसायकलचा ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मिळतो. तो सर्वात लांबच्या फीडरवर लावला की पावणेदोन अँपिअरच्या आसपास भार पडतो. बूस्टरपाशी आणि बल्बपाशी मोजावं. फरक पाऊण व्होल्टच्या आत असेल तर बस ठीक.

तोच बल्ब शॉर्ट शोधायलाही कामाचा. एका भागाच्या लाल तारेत मालिकेत तो बसवला की शॉर्टचा करंट पावणेदोन अँपिअरवर अडतो, बूस्टर तुटत नाही, बल्ब लखलखतो. मग लाकडी काडीने सांधे, जोड, टर्मिनल एकेक टोकत जायचं. जिथे टोकल्यावर बल्ब लुकलुकतो तिथे हात थांबवायचा. बल्ब प्लायवूड आणि थर्मोकोलपासून दूर टांगावा, तो भाजण्याइतका तापतो. कायमचा मात्र ठेवू नये. आवाजाची तीन-चार इंजिनं एकदम निघाली की त्यातून व्होल्टेज खाली बसतं.

शॉर्ट शोधताना पहिली पायरी नेहमी रिकामं टेबल. सगळी इंजिनं, दिव्यांचे डबे उतरवा. बूस्टर चालू राहिला तर शॉर्ट गाडीत आहे, एकेक गाडी ठेवत जा. तरीही तुटत असेल तर बस बूस्टरपासून सोडवा आणि नुसता बूस्टर चालवून बघा, म्हणजे तो स्वतः निर्दोष आहे हे ठरेल. नंतर बस मधोमध तोडायची. कोणत्या अर्ध्यात शॉर्ट आहे ते बघायचं, तो अर्धा पुन्हा मधोमध. सोळा भागांचं टेबल असेल तर चार वेळा तोडल्यावर भाग हातात येतो. यासाठी बस एकसंध ओढलेली नको, मध्ये टर्मिनल पट्ट्या हव्यात, आणि प्रत्येक भागाला दोन्ही तारा तोडणारा स्विच हवा. दोन्ही अर्ध्यांत शॉर्ट दिसला तर गोंधळू नये. बहुधा दोन बिघाड आहेत, किंवा दोन्ही अर्धे रुळावरून एकमेकांना अजून जोडलेले आहेत. दुसरं जास्त वेळा घडतं. भाग पाडताना खालची बस तोडली पण वरचा रूळ कापायचा राहिला, ही नेहमीची चूक.

मल्टिमीटरचा बझर या कामाला फार भाबडा आहे. तीस-चाळीस ओहमलाही तो वाजतो, म्हणजे कुठल्या तरी दिव्यातून किंवा रिलेच्या कॉइलमधून जाणाऱ्या वाटेलाही शॉर्ट म्हणतो. २०० ओहमची रेंज घ्या. मीटरच्या तारांचाच ०.२ ओहम असतो तो वजा करा. एकाच्या आत आलं तरच शॉर्ट. पण तो कुठल्या मीटरवर आहे, हे यातून कळत नाही.

ते कळायला एक फार चांगली युक्ती आहे. बूस्टर सोडवलेला. १.५ व्होल्टचा मोठा सेल, त्याला मालिकेत १ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर, आणि ही जोडी बसच्या सुरुवातीला लावायची. एक अँपिअरपर्यंत करंट वाहतो आणि शॉर्टमधून परत येतो. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन रुळांमधलं व्होल्टेज प्रत्येक फीडरपाशी मोजत जायचं. शॉर्टच्या दिशेने आकडा पडत जातो. दीडच्या बसवर दर मीटरला पंचवीस-एक मिलिव्होल्टने, नुसत्या रुळावर त्याच्या कितीतरी पट. शॉर्टच्या पलीकडे करंट नाही, म्हणून तिथून पुढे आकडा स्थिर राहतो. जिथे पडायचा थांबला, तिथे खाली वाकून बघायचं. बहुतेक वेळा तिथे पॉइंट मोटरच्या, म्हणजे सांधा हलवणाऱ्या मोटरच्या, स्क्रूखाली चेपलेला फीडर किंवा रुळाच्या खिळ्याने दोन तारा एकत्र शिवलेल्या सापडतात. करंट सुरू असताना मोजणं पटपट उरकावं, सेल मिनिटभरात दमतो. बेंच सप्लाय असेल तर तो एक अँपिअरवर बांधून घ्यावा, मग घाई नाही.

सगळ्यात छळणारा बिघाड मात्र सोलापूरचा स्वतःचा आहे. सकाळी सगळं चालतं, दुपारी दोनला बूस्टर तुटतो, रात्री नऊला पुन्हा चालतो. ढिला जोड असेल असं वाटून लोक टेबलाखाली पालथे पडतात. कारण वर आहे. दोन भाग वेगळे करायला रूळ करवतीने कापलेला असतो, ती फट अर्ध्या ते एक मिलिमीटरची. निकेल सिल्व्हर एका अंशाला, एका मीटरमागे सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढतं. इथे जानेवारीतल्या पहाटे १५ अंश असतात, मे महिन्यात दुपारी ४२. पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. २७ अंशांच्या फरकात एक मीटर रूळ अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी वाढतो. तीन मीटर रूळ एकसंध झाळलेला असेल तर १.४ मिलिमीटर. त्याच महिन्यांत हवा कोरडी, म्हणून टेबलाचं लाकूड आक्रसलेलं. रूळ वाढतो, खालचं लाकूड लहान होतं, आणि दोन्ही मिळून फट बंद करतात. हिवाळ्यात कापलेल्या फटी म्हणून विश्वासाच्या नसतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या जत्रेच्या, दिवसांत नुसती करवत फिरवून सोडलेली फट उन्हाळ्यात हमखास दगा देते.

उपाय सोपा आहे. फटीत प्लास्टिक भरायचं. जुनं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. त्याचा तुकडा कापून इपॉक्सीने बसवायचा, वाळला की रुळाच्या आकाराला बारीक कानशीने घासायचा. फट त्या जाडीची करवतीने रुंद करून घ्यावी. नायलॉनची इन्सुलेटेड फिशप्लेट वापरली तर तिच्या मधोमध पडदा असतो तो बघून घ्यावा. काही स्वस्त जोडांत तो नसतो आणि रुळाची टोकं आत जाऊन भेटतात. शिवाय रूळ सलग झाळत जाऊ नये. वळणावरचे जोड झाळा, सरळ भागातले दर दोन मीटरला एक मोकळा सोडा, कागदाच्या जाडीची फट ठेवून. प्रत्येक तुकड्याला फीडर आहेच, विजेचं काही अडत नाही. आणि शक्य असेल तर रूळ एप्रिलमध्येच टाका. तेव्हा तो बराच वाढलेला असतो, पुढे बहुतेक आकसतच जाईल.

भाग पाडलेल्या टेबलावर आणखी एक चूक लपून बसते: एखाद्या भागाची लाल-काळी उलटी. तो भाग एकटा व्यवस्थित चालतो. गाडी फट ओलांडते तेव्हा तिची चाकं दोन्ही भागांना जोडतात आणि शॉर्ट. तपासायला गाडी लागत नाही. एकाच रुळावर, फटीच्या अलीकडे आणि पलीकडे मीटर लावा. शून्य आलं तर बरोबर. पूर्ण व्होल्टेज आलं तर त्या भागाचे फीडर उलटे. रिव्हर्स लूप (गाडी वळून त्याच रुळावर परत येते तो फेरा), त्रिकोण आणि टर्नटेबल यांत मात्र ही उलटापालट भूमितीतच आहे, ती लाल-काळी आपोआप बदलणाऱ्या ऑटो-रिव्हर्सरनेच सुटते. अट एवढीच की वेगळा केलेला लूप सर्वात लांब गाडीपेक्षा लांब हवा आणि दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापलेले हवेत. एकच रूळ कापलेला असला की रिव्हर्सर बिचारा टकटक करत राहतो.

सांध्यांवर थोडं थांबू. फ्रॉग म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा. बंद फ्रॉग, म्हणजे प्लास्टिकचं क्रॉसिंग, लावायला सोपं. पण बार्शी लाइटच्या छोट्या इंजिनाचा चाकांमधला पल्ला अडीच-तीन सेंटिमीटर, त्यावर ते अडकतं. तिथे जिवंत, म्हणजे वीज असलेला धातूचा, फ्रॉग हवा, आणि त्याची वीज पॉइंट मोटरच्या स्विचमधून बदलली पाहिजे. फ्रॉगकडून निघणारे दोन्ही आतले रूळ इन्सुलेटेड जोडांनी वेगळे करायचे विसरलं की सांधा एका बाजूला चालतो, दुसऱ्या बाजूला टेबल बंद. स्विच आधी आणि सांध्याची जीभ, म्हणजे सरकणारा रूळ, नंतर सरकत असेल तर क्षणभर शॉर्ट होतो, बूस्टर टिचकी मारून परत येतो. मोटर थोडी सरकवून स्विचची वेळ जुळवावी. जीभ आणि बाजूचा रूळ यांच्या नुसत्या स्पर्शावरही वीज सोडू नये. खडी चिकटवताना पातळ केलेला फेविकॉल तिथे झिरपतो आणि स्पर्श मरतो. प्रत्येक जिभेला तिच्या रुळाशी जोडणारी वेगळी तार द्यावी. बंद फ्रॉगवर रुंद चाक दोन रुळांना एकदम टेकून ठिणगी पडत असेल तर रुळांच्या त्या टोकांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो. झिजला की पुन्हा.

सांध्यांच्या मोटरींची वीज रुळांच्या बसवरून घेऊ नये. गाडी उलट्या लागलेल्या सांध्यात शिरली, शॉर्ट झाला, बस मेली. आता सांधा बदलून गाडी सोडवायची तर सांध्यालाच वीज नाही. वेगळी जोडी, वेगळा सप्लाय.

लोड शेडिंगनंतर वीज परत येते तेव्हा दिसणारा शॉर्ट बहुधा शॉर्ट नसतो. आवाजाच्या प्रत्येक डिकोडरमध्ये कपॅसिटर असतात, काहींना वीज तुटली तरी इंजिन क्षणभर चालू ठेवणारा मोठा कपॅसिटर, म्हणजे स्टे-अलाइव्ह, जोडलेला असतो. दहा इंजिनं रुळावर असली तर ती सगळी एकाच क्षणी भरायला लागतात, बूस्टरला तो शॉर्ट वाटतो, तो तुटतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तुटतो. भागांचे स्विच बंद ठेवून एकेक चालू केला की सगळं सुरळीत. इन्व्हर्टरवर टेबल चालवायचं असेल तर रोज चालवण्याआधी एकदा तसं चालवून ॲडॉप्टर किती तापतो ते बघून घ्यावं.

काळा दगड आपल्याकडे फुकट मिळतो, म्हणून खडी घरीच कुटून चाळायची हौस होते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटतात आणि गिअरमध्ये जातात. चाळलेल्या चुरीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक दहा-बारा वेळा फिरवावा, जोवर काळी मिशी उगवायची थांबत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमाग जवळ असलेल्या घरांत दुसरा शत्रू: कापसाचा तूस. तो एक्सलभोवती सुतासारखा वळतो आणि वीज उचलणाऱ्या पट्ट्या चाकापासून दूर ढकलतो. इंजिन उलटं करून चिमट्याने तो काढावा, चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यावर फिरवावीत. रुळांना सँडपेपर लावू नये. ओरखड्यांत काळी घाण आणखी जोरात बसते.

बस दहा मीटरच्या पुढे गेली तर शेवटच्या टोकाला स्नबर लावतात: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मालिकेत, दोन तारांच्या मध्ये. लांब तारेच्या टोकाला उसळणारे व्होल्टेजचे काटे त्याने बसतात. रेझिस्टर दोन वॉटचा हवा, कारण या लहरीत तो अर्ध्या वॉटपेक्षा जास्त उष्णता सतत टाकतो. पाव वॉटचा लावला तर महिन्याभरात तपकिरी होऊन फुटतो.

एवढं सगळं ठीक असूनही एखादं इंजिन स्वतःहून सुसाट पळत असेल, तर ते वायरिंगचं काम नाही, सीव्ही २९ या डिकोडरमधल्या सेटिंगचं आहे. त्यातल्या ४ या किमतीचा बिट डिकोडरला साध्या डीसीवरही चालायची परवानगी देतो. बूस्टर तुटून परत येताना रुळावर क्षणभर वेडीवाकडी वीज असते, डिकोडर तिला डीसी समजतो आणि पूर्ण वेगाने निघतो. सीव्ही २९ मध्ये ६ असेल तर २ लिहावं. लांब पत्ता वापरत असाल तर ३८ च्या जागी ३४. हे प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर करायचं. डिकोडर तिथे उत्तर देतो ते मोटर क्षणभर हलवून, सहा मिलिसेकंद निदान साठ मिलिअँपिअर ओढून. चाकं मळलेली असली किंवा मोटरची तार निसटलेली असली की ते उत्तर पोचत नाही आणि कमांड स्टेशन ‘डिकोडर नाही’ म्हणतो. अशा वेळी नवा डिकोडर मागवण्याआधी नारिंगी आणि करडी तार मोटरला नीट झाळलेली आहे का, लाल उजव्या आणि काळी डाव्या चाकांपर्यंत पोचते का, आणि मोटरचं कुठलंही टोक इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकत नाही ना, एवढं ओहमच्या रेंजवर तपासून घ्यावं. शेवटचं टेकत असेल तर नवा डिकोडरही पहिल्याच मिनिटाला जळेल.